वाळत घातलेले पेपर

आमच्या गल्लीत नळाला पाणी कमी आणि घराघरांत पीएच.डी. जास्त. सोसायटी झाली तेव्हा निम्म्याहून अधिक प्लॉट कॉलेजातल्या मास्तरांनी घेतले, त्यामुळे कमानीवर नाव काहीही रंगवलेलं असलं तरी रिक्षावाले अजून ‘प्राध्यापक कॉलनी’च म्हणतात. आम्ही नवरा-बायको दोघंही बँकेतले, म्हणजे इथले अल्पसंख्याक. पण आमचं घर पडलं दोन प्राध्यापकांच्या मधोमध आणि दोन्हीकडची कुंपणं कमरेइतकीच. विद्यापीठात काय शिजतंय ते कुलगुरूंच्या आधी हिला कळतं, असं आमचे हे चारचौघांत सांगतात. ते चेष्टेने सांगतात. मी ते प्रशस्तिपत्र समजते.

डावीकडे सर. फिजिक्सचे. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी तासाची सवय सुटलेली नाही. बोलायला लागले की पंचेचाळीस मिनिटं, मग आपोआप थांबतात. उजवीकडे मॅडम, बॉटनीच्या, अजून नोकरीत. आणि मॅडमच्या गच्चीवरच्या खोलीत भाड्याने राहणारी एक मुलगी. ती एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते आणि मॅडमच्या हाताखाली पीएच.डी. करते. तिच्या प्रबंधाचं नाव आम्हा कोणालाच एका दमात म्हणता येत नाही.

परवा मधेच एक दिवस चक्क ऊन पडलं. श्रावणातलं, आत्ता आहे आत्ता नाही असं. मी उशा उन्हात टाकायला बाहेर आले तर मॅडमच्या कुंपणावर या टोकापासून त्या टोकापर्यंत वर्तमानपत्रं. व्यवस्थित चिमटे लावून.

“मॅडम, रद्दी भिजली वाटतं?”

“रद्दी कुठली ताई, माझं संशोधन वाळतंय.”

मला वाटलं गंमत करतायत. पण त्यांनी फाटकातून आत बोलावलं आणि व्हरांड्यात ठेवलेली चौकट दाखवली. दोन जाळीदार लाकडी फळ्या, त्यांच्यामध्ये वर्तमानपत्रांचा आणि टीपकागदाचा गठ्ठा, वरून पट्ट्यांनी करकचून आवळलेला. याला प्रेस म्हणतात. प्रत्येक घडीत एकेक रोप, मुळासकट, माती झटकून नीट पसरलेलं. त्यातलं एक पान मुद्दाम उलटं ठेवलेलं. का, तर पानाच्या पाठीवरची लव आणि शिरा पुढे बघणाऱ्याला दिसायला हव्यात. रोप एकदा जाड कागदावर चिकटवलं की पान उलटून बघता येत नाही.

“पहिले काही दिवस कागद रोज बदलायचे,” मॅडम म्हणाल्या. “रोपातलं पाणी कागद पितो. एक दिवस आळस केला की बुरशी आलीच. आणि आमचं नशीब असं, की सह्याद्रीत जे काही बघण्यासारखं फुलतं ते नेमकं पावसाळ्यात.”

“ऊन नसलं की मी पेपरांना इस्त्री करते, काकू,” मुलगी जिन्यावरून म्हणाली. एम.एस्सी. फर्स्ट क्लास, सेट पास, आणि संध्याकाळी घरी येऊन काम काय, तर गेल्या आठवड्याच्या अग्रलेखांना इस्त्री! मी तसं म्हटलं, तर ती हसली आणि म्हणाली, “लाइट बिल मॅडम भरतात, मग काय.”

वाळलेलं रोप कागदावर बसलं की उजव्या खालच्या कोपऱ्यात चिठ्ठी लागते. रोपाचं नाव, कुठे मिळालं, किती उंचीवर, कोणत्या तारखेला, कोणी गोळा केलं आणि त्या गोळा करणाऱ्याचा अनुक्रमांक. मला ही चिठ्ठी एकदम आवडली. आमच्या व्हाउचरवरही एवढंच असायचं. शंभर वर्षांनी कोणी तपासायला बसलं तरी अमुक दिवशी हे रोप अमुक कड्यावर होतं, याची नोंद पक्की.

मग त्यांनी कपाटातून स्पिरिटची एक छोटी बाटली काढली. आत बोटाच्या पेराएवढं फूल. खाली फुगीर, मधे निमुळती नळी, वर पाच पाकळ्यांची टोकं एकमेकांना चिकटलेली, त्यामुळे खिडक्या ठेवल्यासारख्या फटी. कंदीलपुष्प. हे प्रेसमध्ये घातलं तर चपटं होऊन त्याचा कंदीलपणाच जातो, म्हणून बाटली. या फुलाची चाल अशी: वासाला भुलून बारीकशी माशी फटीतून आत शिरते आणि नळीतून घसरत तळाशी जाते. नळीत केस असतात आणि सगळे खाली वळलेले. आत जाताना आडवे येत नाहीत, वर येऊ देत नाहीत. माशी तळाशी धडपडत राहते, त्या धडपडीत परागाची पुडी तिच्या तोंडाला चिकटते किंवा आधी आणलेली तिथे उतरते. काम झालं, केस सुकले, फूल मान टाकायला लागलं, की माशीची सुटका. मग ती शहाणी होते म्हणता? पुन्हा दुसऱ्या कंदिलात शिरते.

“म्हणजे कोंडून ठेवायचं, फुकट राबवून घ्यायचं आणि सत्र संपलं की सोडून द्यायचं,” मी म्हटलं. “तासिका तत्त्वच की हे!”

मुलगी इतकी हसली की तिच्या हातातली इस्त्री खाली ठेवावी लागली. मॅडम हसल्या नाहीत. त्यांच्या कॉलेजातही कायम जागा रिकाम्या आहेतच आणि त्या तासांवर अशाच मुली उभ्या आहेत. दर सत्राला नवी ऑर्डर, जेवढे तास तेवढे पैसे, सुट्टीत काहीच नाही. घरच्यांना वाटतं लेक प्राध्यापक झाली, आणि लेक महिनाअखेरीला वहीत तास मांडत बसते.

फूल कुठे मिळालं ते मी विचारलं. “सह्याद्रीत,” एवढंच उत्तर. पुढचं पतीलाही सांगितलेलं नाही म्हणे. याचे कंद लोक खणून खातात, आणि दुर्मीळ झाड म्हटलं की हौशी मंडळीही खणून नेतात. जागा छापली की झाड गेलंच म्हणून समजायचं. बॉटनीवाल्यांच्या पोटात गोष्ट राहते, हे मी त्या दिवशी मान्य केलं.

“ही जात नवीन निघाली तर?” मी विचारलं.

“निघाली तर बघू. आधी सगळी जुनी रोपं काढून बघावी लागतात. पुण्यात आघारकर संशोधन संस्थेत आहेत, बोटॅनिकल सर्व्हेत आहेत, मुंबईला झेवियर्समध्ये आहेत, इंग्रजांनी नेलेली लंडनला क्यूमध्ये आहेत. कोणी तरी दीडशे वर्षांपूर्वी आधीच नाव ठेवून गेलेलं असतं. नसेल, तर नाव ठेवायचं, वर्णन लिहायचं आणि ते नाव ज्या एका वाळलेल्या रोपावर टांगलेलं असतं ते रोप संग्रहालयात कायमचं जमा करायचं. २०११ संपेपर्यंत वर्णन लॅटिनमध्ये लागायचं. माझ्या पहिल्या जातीचं मी एका पाद्रीबाबांकडून करून घेतलं होतं. आता इंग्रजी चालतं.”

“आणि या सगळ्याचे पॉइंट किती?”

हा आवाज डावीकडून. सर कधी कुंपणाशी येऊन उभे राहिले ते कळलंही नव्हतं. या दोघांचं बोलणं नेहमी असंच, माझं अख्खं अंगण ओलांडून.

पॉइंट ही काय चीज आहे ते इथे सांगायला हवं. २०१० साली विद्यापीठ अनुदान आयोगाने प्राध्यापकांच्या बढतीसाठी गुणांची पद्धत आणली. पेपरला इतके, पुस्तकाला इतके, परिषदेत बोललात तर इतके. नियम नंतर बरेच बदलले, पण गुण मोजायची सवय अंगात मुरली. आता या गल्लीत कोणाचा पेपर छापून आला की पहिला प्रश्न ‘कशावर?’ असा येतच नाही.

“मी बढतीच्या पलीकडे गेलेय, सर,” मॅडम म्हणाल्या. “ज्यांना गुण लागतात त्यांचं बघा. आठवड्याला सोळा तास शिकवायचं. प्रॅक्टिकलच्या बॅचेस. वर परीक्षा, पेपर तपासणी, निवडणुकीची ड्यूटी. नॅककडून कॉलेजची तपासणी होणार म्हटलं की आम्ही तर रोपांपेक्षा फायलीच जास्त प्रेस करतो. यातून उरलेल्या वेळात संशोधन करायचं, आणि तेही दर वर्षी.”

मला स्वतःला मोजणीचं वावडं नाही. जन्म त्यात गेला. आणि खरं सांगायचं तर याच कॉलनीत असेही कायमस्वरूपी प्राध्यापक होऊन गेले, की ज्यांच्या नोट्स पिवळ्या पडल्या, मग तपकिरी झाल्या, पण बदलल्या नाहीत. कोपऱ्यावरच्या बंगल्यात राहायचे त्यांच्याकडे वडील शिकले, मुलगा शिकला, दोघांना विनोदही तेच ऐकायला मिळाले. अशांना कोणी तरी हिशोब विचारायलाच हवा होता. पण हिशोब विचारायचा म्हणून जे मोजायला सुरुवात केली, त्याचीच टांकसाळ निघाली.

सरांच्या मोबाइलवर रोज सकाळी एक तरी ईमेल असते. ‘परम आदरणीय, आपल्या विद्वत्तेने आम्ही भारावून गेलो आहोत,’ या धर्तीची. मध्यंतरी त्यांना स्त्रीरोगशास्त्राच्या नियतकालिकाने लेख मागितला. सर आयुष्यभर प्रकाशाच्या वक्रीभवनावर काम केलेले! वहिनींनी, म्हणजे सरांच्या बायकोने, ती ईमेल अख्ख्या भिशीत वाचून दाखवली. पैसे भरा, आठवड्यात छापून देतो. परीक्षक कोण, विचारू नका.

“पण वहिनी, हे बिंग फोडलं पुण्यानेच, बरं का,” सर म्हणाले. आयोगाची मान्यताप्राप्त नियतकालिकांची एक यादी होती. त्यात बरीच नावं विद्यापीठांनीच शिफारस करून घातलेली. इथल्या सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातल्या मंडळींनी भूषण पटवर्धनांबरोबर त्यातली हजारेक नावं तपासली. इतर कोणत्याही मान्य सूचीत नसलेली. पत्ता खरा आहे का, संपादक कोण, फी किती ते सांगितलंय का, असल्या साध्या गोष्टी. ८८ टक्क्यांहून जास्त नियतकालिकं तिथेच गळली. २०१८ साली ‘करंट सायन्स’मध्ये हे छापून आलं आणि त्याच वर्षी आयोगाने ४,०००हून जास्त नावं यादीतून उडवली. मग २०१९ला ‘केअर’ नावाची नवी यादी आली. २०२५मध्ये तीही बंद झाली. आता ज्याने त्याने आपलं बघून घ्यायचं.

“आणि पीएच.डी.आधी पेपर छापलाच पाहिजे, हा नियम २०२२ला गेला,” मुलगी म्हणाली. “पण मुलाखतीला बसलं की पहिला प्रश्न तोच. पेपर किती?”

“या हिशोबात कोसंबींचं काय झालं असतं!” सर म्हणाले.

सरांचा कोसंबी चालू झाला की मी कुंपणावर कोपर टेकते. उभ्या उभ्या भागत नाही. आमच्या ह्यांनी तर खुर्चीच आणली.

दामोदर धर्मानंद कोसंबी. १९०७ साली गोव्यात जन्मलेले. वडील धर्मानंद म्हणजे पालीचे मोठे पंडित, फर्ग्युसनमध्ये शिकवलेले. मुलगा हार्वर्डला गणित शिकला, परत येऊन आधी बनारस, मग अलीगढ. अलीगढला तेव्हा आंद्रे वेल नावाचा ऐन पंचविशीतला फ्रेंच गणिती प्राध्यापक होऊन आला होता. कोसंबींचं एका सहकाऱ्याशी वाजलेलं. वेलने सल्ला दिला, की भांडत बसू नकोस, त्याची जिरव. एक नसलेला गणितज्ञ उभा कर आणि त्याच्या नावावर पेपर लिही. पॅरिसच्या विद्यार्थ्यांच्या एका जुन्या थट्टेतलं नाव होतं, बोर्बाकी. तर कोसंबींनी १९३१ साली ‘बोर्बाकीच्या दुसऱ्या प्रमेयाचा विस्तार’ अशा अर्थाच्या मथळ्याचा निबंध संयुक्त प्रांताच्या विज्ञान अकादमीच्या अंकात छापून आणला. बोर्बाकी कोण, तर एक अप्रसिद्ध रशियन, क्रांतीच्या धामधुमीत विष घालून मारलेला! पुढे वेल फ्रान्सला गेला आणि त्याने मित्रांना जमवून याच नावाने गणिताचे ग्रंथ लिहायला घेतले. निकोला बोर्बाकी हे नाव मग जगभर झालं. माणूस कधीच नव्हता.

“म्हणजे खोटे पेपर तेव्हाही होते!” मी म्हटलं.

“होते ना वहिनी. पण खोटा पेपर लिहायलाही खरं गणित यावं लागायचं.”

मग कोसंबी पुण्यात आले, फर्ग्युसनमध्ये शिकवायला लागले. संख्याशास्त्र शिकायचं मनात आलं. पण पुस्तक घेऊन बसण्याऐवजी हाताशी काही तरी खरं कोडं हवं, म्हणून नाणी घेतली. जुनी आहत नाणी, हजारोंनी, आणि एकेक करून काट्यावर तोलली. नाणं जितकं जास्त हातांतून फिरतं तितकं झिजतं. तेव्हा वजनाच्या घटीवरून ते किती काळ चलनात होतं याचा अंदाज बांधता येतो. पद्धत बरोबर आहे का ते बघायला त्यांनी आधी बाजारातली चालू नाणी तोलून बघितली. इथे मात्र मी सरांना थांबवलं. कॅशिअरच्या जागेवर बसलेल्या माणसाला हे कोणी समजावून सांगायची गरज नाही. गुळगुळीत झालेला रुपया बोटांना न बघता कळतो. फक्त त्यातून मौर्य बाहेर काढायचे असतात, हे आम्हाला सुचलं नाही.

“थांबा, थांबा,” उजवीकडून मॅडम. “कोसंबी फंक्शन शिकवते मी दर वर्षी. जेनेटिक्समध्ये. एकाच गुणसूत्रावरची दोन जनुकं एकमेकांपासून किती लांब आहेत, ते काढायचं सूत्र. गुणसूत्र एका ठिकाणी तुटून जुळलं की त्याच्या शेजारीच पुन्हा तुटायची शक्यता कमी होते, ते धरून केलेलं. तो कोसंबी आणि हा कोसंबी...”

“एकच. १९४४.”

“नाणीवाला?”

“नाणीवाला. आणि भर्तृहरीची पाठशुद्ध आवृत्ती काढणारा. आणि १९५६ला भारताच्या इतिहासाचं पुस्तक लिहिणारा. पगार मात्र गणिताचा.”

मॅडम गप्पच झाल्या. इतकी वर्षं ज्याचं नाव फळ्यावर लिहिलं तो भांडारकर संस्थेच्या रस्त्यावर राहायचा, हे त्यांना माहीत नव्हतं. त्यांचं तरी काय चुकलं? बॉटनीच्या पुस्तकात आडनाव येतं, पत्ता येत नाही. फिजिक्सवाला इतिहासाच्या माणसाशी आणि इतिहासाचा बॉटनीशी चहा पीत बसला तर या गोष्टी कळायच्या. पण कॉलेजात आता स्टाफरूमच्या जागी डिपार्टमेंटच्या केबिनी झाल्यात. प्रत्येक जण आपल्या केबिनीत बसून गुणांचा तक्ता भरतोय.

कोसंबींच्या गोष्टीचा शेवट काही गोड नाही. होमी भाभांनी त्यांना मुंबईला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बोलावलं. कोसंबी पुण्यातच राहिले आणि डेक्कन क्वीनने ये-जा करायला लागले. वाचन गाडीत. सुट्टीत आसपासच्या टेकड्या पालथ्या घालून दगडी हत्यारं गोळा करायची. मग १९५९च्या सुमारास त्यांनी रीमानच्या सुप्रसिद्ध कोड्याला हात घातला आणि तो निबंध छापला कुठे, तर कृषी सांख्यिकीच्या नियतकालिकात. गणिताच्या जगातलं सगळ्यात दांडगं कोडं, ज्वारी-बाजरीच्या शेजारी! सिद्धता टिकली नाही, नाव खराब झालं आणि १९६२ साली संस्थेने त्यांचा करार पुढे चालू ठेवला नाही. चार वर्षांनी ते गेले. सर म्हणतात, भाभांचंही चुकलं नाही आणि कोसंबींचंही चुकलं नाही. मला हे पटत नाही. दोघंही शहाणे होते म्हणून कोणाचंच चुकलं नाही, असा हिशोब आमच्याकडे लागत नाही. पण सरांचे कोसंबी म्हणजे देव, त्यामुळे मी पुढे गेले नाही.

“मॅडम, तुम्ही कमला सोहोनींचं सांगा ना,” मुलगी म्हणाली. तिने मॅडमकडून ती गोष्ट ऐकलेली असणार, पण काही गोष्टी पुन्हा ऐकायच्या असतात.

दुर्गाबाई भागवत मी वाचल्यात. त्यांची धाकटी बहीण एवढी मोठी रसायनशास्त्रज्ञ होती, हे मला याच कुंपणावर कळलं. १९३३ साली मुंबई विद्यापीठात पहिली आलेली मुलगी बंगळुरूच्या विज्ञान संस्थेत अर्ज करते, आणि संचालक सी. व्ही. रामन सांगतात, मुलींना प्रवेश नाही. बाई तिथे जाऊन उभ्या राहिल्या. शेवटी प्रवेश मिळाला, पण वर्षभर परीक्षेवर. काम पसंत पडलं तरच कायम. वर्षानंतर रामननी काम मान्य केलं आणि मग मुलींना तिथे दार उघडलं. पुढे त्या केंब्रिजला गेल्या. बटाट्यावर काम करता करता प्राण्यांच्या पेशींत असतं ते सायटोक्रोम सी वनस्पतींतही असतं, असं दाखवलं. १९३९ला पीएच.डी. प्रबंध चाळीस पानांचा.

“चाळीस!” मुलगी म्हणाली. तिचं नुसतं पूर्वसूरींच्या कामाचं प्रकरण तेवढं आहे.

परत आल्यावर मुंबईच्या विज्ञान संस्थेत त्यांनी नीरा, डाळी असल्या गरिबाच्या खाण्यावर काम केलं. नोबेल मिळवणाऱ्याने ‘नाही’ म्हटलेली बाई ताडामाडाच्या रसात पोषण शोधत बसली. मॅडम हे सांगतात तेव्हा त्यांचा आवाज जरा चढतो. त्यांच्याही वेळी कोणी तरी ‘बायकांना जंगलात कसं पाठवायचं’ म्हटलेलं आहे. कोणी, ते त्या सांगत नाहीत, पण आडनाव मला माहीत आहे. मीही सांगत नाही.

गाइड या विषयावर मात्र आमच्या गल्लीत भरपूर बोललं जातं. विद्यार्थ्याकडून भाजी आणवणारे, गाडी धुऊन घेणारे, मुलीच्या लग्नाच्या पत्रिका वाटून घेणारे. व्हायव्हाच्या दिवशीचं जेवण कोणी द्यायचं, बाहेरगावच्या परीक्षकांची गाडी कोणी करायची, बाईंना साडी द्यायची की नको. ही मोठी शास्त्रं आहेत आणि ती कोणत्याच अभ्यासक्रमात नाहीत. मॅडमनी वरच्या खोलीतल्या मुलीला पहिल्या दिवशी बजावलं होतं, की माझ्याकडे काही आणायचं नाही. फक्त खोलीचं भाडं वेळेवर. ते ती देते, सुट्टीचे महिने सोडून, आणि मॅडम तेव्हा मागत नाहीत.

शिकवण्याबद्दल सरांची तक्रार एकच. पोरं प्रश्न विचारत नाहीत. विचारलाच तर, ‘सर, हे परीक्षेला येणार का?’ यावर ते खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकरांचं सांगतात. लहानपणी बनारसला नारळीकरांच्या घरी भिंतीवर फळा होता. मामा येऊन त्यावर गणिताचं एक कोडं लिहून ठेवायचे, खास जयंतासाठी. सुटेपर्यंत ते पुसायचं नाही. आणि पुढे स्वतः नारळीकर मोठे झाल्यावर मुलं सह्या मागायला यायची, तर म्हणायचे, सही अशी देत नाही. पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठवा, उत्तराखाली सही करून पाठवतो. पुण्यात अशी पोस्टकार्डं अजून काही कपाटांत असतील. सही पाहिजे तर आधी प्रश्न सुचायला पाहिजे! सर वर्गात हे सांगून म्हणायचे, मला पोस्टकार्ड पाठवा. एकही आलं नाही. “पोस्टकार्ड म्हणजे काय, असं एकाने विचारलं,” वहिनी मागून म्हणाल्या. “तो प्रश्नच होता की.”

सर पंचेचाळीस मिनिटांच्या हिशोबाने गप्प झाले, आणि मग मॅडमनी जे सांगितलं ते त्यांनी आधी कधी सांगितलं नव्हतं.

ते कंदीलपुष्प त्यांना स्वतःला सापडलेलं नव्हतं. दुसऱ्या वर्षाच्या प्रॅक्टिकलला त्यांनी वर्गात अशाच एका बाटलीतलं फूल फिरवलं होतं. मागच्या बाकावरचा, डोंगरातल्या एका वाडीतून येणारा मुलगा. उपस्थिती जेमतेम. तो म्हणाला, “मॅडम, हे आमच्याकडे हाय. ह्याचा कांदा आमी खातो. पण आमचं जरा येगळं हाय, आमच्याचं तोंड काळपट अस्तंय.” बाकीचा वर्ग हसला. मॅडमनी त्याला पुन्हा विचारलं, कुठे, कधी, केवढं. रविवारी त्याच्याबरोबर गेल्या. वनखात्याची परवानगी निघायला पुढचं अख्खं वर्ष गेलं. या वर्षी आता रोप प्रेसमध्ये आहे.

“मग चिठ्ठीवर गोळा करणारा म्हणून...”

“त्याचंच नाव. अनुक्रमांक एक.”

“त्याला पॉइंट?” सरांनी विचारलं.

“दहापैकी सात दिले. जर्नल अपुरं होतं.”

यावर सगळे हसले, पण मुलगी इस्त्री बंद करून खाली आली होती आणि तिच्या डोक्यात भलतंच होतं. दक्षिण आफ्रिकेतल्या कंदीलपुष्पाच्या एका जातीवर २०१६ साली काम झालंय, ती सांगायला लागली. त्या फुलाला जखमी मधमाशीसारखा वास येतो. कोळ्याने पकडलेल्या मधमाशीच्या रसावर जगणाऱ्या बारक्या माश्या असतात, त्या मेजवानी समजून येतात आणि अडकतात. “मग आपल्या काळ्या तोंडाच्या फुलाला कशाचा वास येतो? कोणती माशी येते? किती वेळ आत राहते? त्याने सांगितलं तसं तोंड काळपट आहे, ते माशीसाठी का? नुसतं रोप वाळवून हे कळणार नाही, मॅडम.”

“तुझ्या प्रबंधात हे बसतं का?” मॅडम.

“नाही बसत.”

“मग कधी जायचं?”

पुढची दहा मिनिटं नुसता गोंधळ. अंधार असतानाच निघायचं, उजाडायच्या आत फुलाशी पोचायचं. गाडी कोणाची, यावर वाद. सरांचा गुडघा, तरी त्यांना यायचंच. भिंगाची आणि कॅमेऱ्याची व्यवस्था ते बघणार म्हणे. वहिनींनी ती परवानगी दिलेली नाही, अजून मागितलेलीच नाही. वाडीतल्या मुलाला फोन लावला तर तो गुरांमागे. आमचे हे खुर्ची उचलून आत गेले, म्हणजे हे प्रकरण आपल्यापर्यंत येणार, हे त्यांनी ओळखलं.

“ताई, तुम्ही पण चला,” मॅडम म्हणाल्या. “नोंदी ठेवायला पक्का माणूस लागतो. आम्ही फुलाकडे बघत बसलो की घड्याळाकडे लक्ष राहत नाही. माशी आत गेली की वेळ टाकायची, बाहेर आली की वेळ टाकायची.”

“आणि नाहीच बाहेर आली तर?”

“तर तसं लिहायचं.”

मी जुन्या डायरीतली कोरी पानं मोजायला आत गेले.